दृष्टी गेली की कान आपोआप तीक्ष्ण होतात का?

बाबांची दृष्टी जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांचे कान काही तीक्ष्ण झाले नाहीत, उलट हाक मारली तरी कळत नाही, असं का, हे विचारायला एक ताई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ताईंचे बाबा, म्हणजे काका, साठी उलटलेले, सहकारनगरला राहतात, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. देव एक नेतो तर दुसरं देतो अशी घरात सगळ्यांची पक्की समजूत, त्यामुळे रोज परीक्षा, नातू मागून गुपचूप येणार आणि ओळखा कोण, सून डबा नाकाशी धरणार आणि सांगा काय आहे. काका मला म्हणाले, "मॅडम, मला आंधळं होणंसुद्धा नीट जमत नाहीये." फार वाईट वाटलं मला.

जन्मापासून किंवा अगदी लहानपणी दृष्टी गेली तर मेंदूतला बघण्याचा भाग रिकामा बसत नाही, तो आवाज, ब्रेल अशा कामांना लागतो, म्हणून त्यातले काही जण आवाजाची दिशा, सुरातला फरक जास्त बारीक पकडतात. साठीनंतर मात्र हे बरंचसं लक्ष देऊन, सरावानेच कमवावं लागतं. आणि जमतं हं! इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात 10 आठवडे जिभेने टक् आवाज काढून प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखायला शिकवलं, त्यात 79 वर्षांपर्यंतची माणसं होती, डोळस पण होती, आणि वय आड आलं नाही.

पण मी आधी ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करायला सांगितली, कारण उतारवयात दृष्टी गेली की ही तपासणी हमखास राहून जाते. निघालं तेच, वयामुळे दोन्ही कानांना वरच्या पट्टीतले आवाज कमी येत होते. आधी समोरच्याचे ओठ बघून निभावत होतं, आपण सगळेच नकळत बघतो, तो आधार गेल्यावर स, श, फ कळेनात, त्यात मिक्सर आणि टीव्ही दोन्ही चालू. ऐकायचं मशीन एकाच कानाला घेऊ का असं ताईंनी विचारलं, मी म्हटलं डॉक्टरांशी दोन्ही कानांचं बोला, कारण दिशा कळते ती मुख्यतः दोन कानांतल्या आवाजाच्या फरकावरून.

वासाचं म्हणाल तर दृष्टिहीन माणसाचं नाक जास्त तीक्ष्ण असतं असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर दिसत नाही, वासाकडे लक्ष जास्त जातं एवढंच. गिरणीच्या वासावरून गल्ली ओळखता येते, पण गिरणी बंद असली की चुकायला होतं.

तर घरातल्या परीक्षा बंद केल्या. आता खोलीत येताना प्रत्येकाने नाव सांगायचं, बोलताना टीव्ही बंद. काकांचं पांढऱ्या काठीचं ट्रेनिंग सुरू आहे, ट्रॅफिक कुठल्या बाजूने वाहतोय ते ऐकून रस्त्याचा अंदाज घ्यायला शिकतायत, पण इलेक्ट्रिक स्कूटर जवळ येईपर्यंत कळत नाही आणि जोराच्या पावसात बाकी आवाज बुडतात, म्हणून पाऊस असेल तेव्हा सोबत कुणीतरी जातंच.