शाळेच्या लायब्ररीसाठी माहितीची पुस्तकं निवडताना नेमकं काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की शाळेची लायब्ररी नव्याने लावताय, गोष्टींची पुस्तकं निवडायला जमतंय पण विज्ञान, इतिहास, प्राणी, अवकाश अशी माहितीची पुस्तकं कशी पारखायची ते कळत नाही, सगळीच चकचकीत दिसतात, मग सरळ एखादा तयार सेटच घेतला तर काय बिघडलं? मी शाळेच्या लायब्ररीचंच काम बघते आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सेटचं आधी सांगून टाकते. शक्यतो घेऊ नका. सेटमध्ये सगळ्या विषयांना तेवढीच पानं, तेवढीच चित्रं, तीच मांडणी असते. ज्वालामुखीवरचं पुस्तक सुंदर जमलेलं असतं आणि त्याच सेटमधलं 'शोध आणि संशोधक' नुसतं भरतीचं असतं. सुटी घेता येत असतील तर चांगली तेवढी उचला, आणि त्याच पैशात मुलांच्या आवडीच्या एखाद्या विषयावर, समजा साप किंवा ग्रह, सोपं, मध्यम आणि जरा अवघड अशी तीन-चार वेगवेगळी पुस्तकं घ्या. एकाच विषयावर दोन पुस्तकं वाचून 'यात वेगळंच लिहिलंय' म्हणत मूल तुमच्या टेबलापाशी आलं तर लायब्ररीचं काम नीट सुरू झालं असं समजा.

आता पारखायचं कसं. पुस्तक हातात आलं की पहिल्या पानापासून वाचत बसू नका, तुम्हाला स्वतःला जो विषय पक्का माहितीये त्याचं पान उघडा. तिथे बरोबर असेल तर बाकीच्या पानांवर थोडा तरी भरवसा ठेवता येतो. शरीराचं पुस्तक असेल तर मी आधी जीभ बघते. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असा जिभेचा नकाशा अजून किती पुस्तकांत छापतात! १९०१ सालच्या एका जर्मन शोधनिबंधात जिभेच्या भागांमधला चवीचा अगदी बारीक फरक नोंदवला होता, पुढे त्याचा आलेख चुकीचा वाचला गेला आणि नकाशा तयार झाला. जिभेवर जिथे जिथे स्वादकलिका आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात, मूल स्वतः चिमूटभर साखर जिभेच्या कडेला ठेवून बघू शकतं. डायनोसॉरच्या पुस्तकात शेपूट बघा. टी-रेक्स सरळ ताठ उभा आणि शेपूट जमिनीवर घासतेय असं चित्र असेल तर ते फार जुन्या समजुतीवर काढलेलं आहे, आता शेपूट मागे आडवी, तोल सांभाळणारी दाखवतात. आणि १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांसारखं आवरण असलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरचा जीवाश्म जगासमोर आला, त्यानंतर असे आणखी बरेच सापडले, तरी पुस्तकात पिसांचा उल्लेखच नसेल तर ठेवून द्या परत.

यात एक फसगत होते ती प्रकाशनाच्या पानावर. वर नवीन साल दिसतं म्हणून आपण पुस्तक ताजं समजतो, पण 'पुनर्मुद्रण' म्हणजे जुनाच मजकूर परत छापलेला, 'सुधारित आवृत्ती' लिहिलं असेल तरच काहीतरी बदललं असण्याची शक्यता. प्लुटो २००६ पासून बटुग्रह आहे, दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र देश झाला, ११३, ११५, ११७ आणि ११८ क्रमांकाच्या मूलद्रव्यांना २०१६ मध्ये नावं मिळाली. ग्रहांचं पुस्तक, ॲटलास, रसायनशास्त्राचं पुस्तक, ज्याचं त्याचं पान उघडा, अर्ध्या मिनिटात कळतं. काही आकडे तर बदलतच राहतात, शनीचे चंद्र मार्च २०२५ मध्ये २७४ झाले. अशा ठिकाणी मला नुसत्या आकड्यापेक्षा 'अमुक सालापर्यंत इतके सापडलेत' असं लिहिणारं पुस्तक आवडतं, कारण मोजणी अजून चालू आहे हेही मुलाला त्याच वाक्यात कळतं.

पण माझ्या मते चुका नसणं ही झाली किमान अट. खरी निवड मी एकाच गोष्टीवर करते: हे कळलं कसं, ते पुस्तक सांगतं का? उदाहरण घ्या. 'साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळला आणि डायनोसॉर नष्ट झाले' हे वाक्य बहुतेक पुस्तकांत असतं. मूल वाचतं आणि पुढे जातं. दुसरं पुस्तक सांगतं की इटलीत खडकांच्या थरांमध्ये चिकणमातीचा एक पातळसा थर आहे, त्यात इरिडियम नावाचा धातू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सापडला, हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण अशनींमध्ये बऱ्यापैकी असतो, त्यावरून १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर टक्करीची कल्पना मांडली, पण मग खड्डा कुठाय असं लोकांनी विचारलं, आणि साधारण १८० किलोमीटर रुंदीचं ते विवर मेक्सिकोच्या किनाऱ्याखाली, अर्धं समुद्रात अर्धं जमिनीखाली, असल्याचं १९९१ च्या सुमारास पटलं. शिवाय त्याच काळात दख्खनमध्ये प्रचंड ज्वालामुखी उफाळत होते आणि त्यांचा यात वाटा किती यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, हेही चांगलं पुस्तक लपवत नाही. ही माहिती मूल विसरेलही, पण एवढ्याशा थरावरून एवढी मोठी गोष्ट शोधून काढता येते हे त्याच्या डोक्यात राहतं. असं पुस्तक दिसलं की कागद साधा असला, चित्रं कमी असली तरी मी घेतेच.

इतिहास आणि चरित्रांना हाच प्रश्न आणखी कडक लावा. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात काय आलं, तो आईला काय म्हणाला, हे लेखकाला कुठून कळलं? न्यूटनचंच बघा, सफरचंद डोक्यावर पडलं असं सर्रास लिहितात. त्याने म्हातारपणी आपल्या मित्राला, विल्यम स्टकलीला, एवढंच सांगितलं होतं की बागेत सफरचंद पडताना बघून विचार सुरू झाला, आणि स्टकलीने ते लिहून ठेवलं. डोक्याचा त्यात उल्लेख नाही. पत्रं, डायऱ्या, जुने फोटो यांच्या आधाराने लिहिलेलं आणि आधार कुठला ते सांगणारं चरित्र वेगळंच वाटतं वाचताना. रंजक व्हावं म्हणून संवाद घातले असतील तर तसं कुठेतरी स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर ते गोष्टींच्या कपाटात ठेवा, तिथे ते शोभेल.

चित्रांकडे मोठी माणसं फार वरवर बघतात, मुलं मात्र चित्रच आधी वाचतात. सूर्यमालेच्या चित्रात सगळे ग्रह शेजारी शेजारी गोट्यांसारखे मांडलेले असतात, आता सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे आणि पृथ्वी-चंद्राच्या मधल्या जागेत जवळजवळ तीस पृथ्व्या मावतील, हे एका पानावर खरं दाखवता येणारच नाही हे मान्य. मग 'हे चित्र प्रमाणात नाही' अशी एक ओळ तरी हवी ना? किड्याचा फोटो पानभर मोठा असेल तर तो खरा केवढा ते खाली लिहिलेलं हवं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंना रंग नंतर दिलेले असतात, तेही सांगायला हवं. शिरा निळ्या दाखवल्या असतील तर ती ओळखायची खूण आहे, रक्त लालच असतं, हे न सांगितल्यामुळे निळ्या रक्तावर विश्वास ठेवणारी मुलं मोठी झालेली मी पाहिलीयेत.

इंडेक्स बघायला विसरू नका. अनुक्रमणिका वेगळी, मी शेवटच्या पानांवरच्या शब्दसूचीबद्दल बोलतेय. मूल विचारेल असा एक प्रश्न मनात धरा, साप डोळे मिटतो का, आणि डोळे, पापणी असे शब्द शोधून उत्तरापर्यंत पोचता येतं का बघा (सापाला हलणाऱ्या पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो). चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी इंडेक्स नसलेलं जाड पुस्तक मला अर्धवटच वाटतं. लहानांच्या पातळ पुस्तकाला नसला तरी चालतो.

भाषेसाठी एक पान मोठ्याने वाचून बघा, वाचताना तुम्ही अडखळलात तर मूल अडखळणारच. अवघड शब्द असू देत, फक्त त्याचा अर्थ तिथल्या तिथे लागला पाहिजे. आणि इयत्तेचे शिक्के फार मनावर घेऊ नका, रेल्वेचं वेड असलेलं आठ वर्षांचं मूल सहावीचं पुस्तक रेटून वाचतं कारण त्याला इंजिन कसं चालतं ते हवंच असतं. ऑर्डर देण्याआधी जमलं तर दहा-बारा नमुन्याची पुस्तकं वर्गात टेबलावर नुसती पसरून ठेवा आणि गप्प बसून बघा, कुठल्या पानावर दोन डोकी एकत्र येतात ते. 'थक्क करणाऱ्या हजार गोष्टी' छापाची पुस्तकं हातोहात जातात, ठेवा थोडी, वाचनाची सवय लागते त्याने, पण निम्मं बजेट त्यात घालवू नका.

बांधणीबद्दल एवढंच की शिवलेली बघा, नुसती चिकटवलेली पुस्तकं शाळेत टिकत नाहीत.

शेवटचं म्हणजे जुनी पुस्तकं. लायब्ररी नव्याने लावताय तर जुन्या कपाटातली चुकीची झालेली पुस्तकं बाद करा, लोक हळहळतील, पुस्तक कसं टाकायचं म्हणतील. ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ मध्येच आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं शेवटचं सूत्र सांगून ठेवलंय की ग्रंथालय ही वाढती सजीव संस्था आहे. सजीव आहे म्हटल्यावर जुनं गळणारच. नऊ ग्रहांचं एखादं पुस्तक मुद्दाम ठेवा, नव्याच्या शेजारी, वर 'काय बदललं ते शोधा' अशी चिठ्ठी लावून, बाकीची रीतसर नोंदवहीतून कमी करा. देणगीत आलेल्या पुस्तकांनाही हेच सगळे नियम लावा, आणि तसं आधीच लिहून दारावर लावून टाका, म्हणजे कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळ येत नाही.