प्रश्नांची यादी तिलाच पाठवू द्या

प्रश्न : मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी पास आहे. एका भाषांतर एजन्सीने चाचणी म्हणून जहाजाच्या जुन्या जपानी मॅन्युअलची काही पानं दिली. मजकूर तिने झटपट केला, पण मोजमापांच्या एककांवर अडली आणि तीन शंका लिहून काढल्या (यादी सोबत जोडली आहे). शंका विचारल्या तर हिला काही येत नाही असं दिसेल, म्हणून मी तिला नेटवर मिळेल ते उत्तर घालून पाठवायला लावलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. एवढ्याशा आकड्यांसाठी अडून बसणाऱ्या मुलीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात का? – एक पालक, सांगली

उत्तर : तुम्ही विचारलंय करिअरबद्दल, पण मी अडलो ते ‘पाठवायला लावलं’ या दोन शब्दांवर. मुलगी इंजिनिअर झालेली आहे. काम तिचं, खाली नाव तिचं, आणि आत तिला स्वतःला न पटलेले आकडे. अबोला त्याचा आहे. तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. वर्गात शंका विचारणाऱ्याला ‘एवढंही येत नाही का?’ असं ऐकवायची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि ती धास्ती आपण मुलांच्या नोकरीपर्यंत नेतो. तांत्रिक भाषांतरात मात्र कामासोबत शंकांची यादी जाणं ही रीतच आहे. जबाबदार एजन्सी ती यादी आधी वाचते.

आता ‘एवढ्याशा आकड्यां’बद्दल. एकक म्हणजे कॅल्क्युलेटरवर गुणायचा आकडा, हा तुमचा समज मला मोडायचाच आहे. तिची पहिलीच शंका घ्या. शीतयंत्राची क्षमता ‘२० रेइतो-टन’, म्हणजे वीस रेफ्रिजरेशन टन, एवढंच लिहिलंय. कुठला टन? शून्य अंशाच्या एक हजार किलो पाण्याचा चोवीस तासांत बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तो जपानी टन : तासाला ३,३२० किलोकॅलरी, ३.८६ किलोवॅट. अमेरिकन टन दोन हजार पौंडांवर बेतलेला : ३,०२४ किलोकॅलरी, ३.५२ किलोवॅट. तुमच्या घरी दीड टनाचा एसी असेल तर तो याच दुसऱ्या टनात मोजलेला आहे. नेटवर पहिलं उत्तरही बहुधा त्याचंच मिळतं. वीस टनांवर फरक जवळजवळ सात किलोवॅटचा पडतो. मूळ टन जपानी असताना अमेरिकन आकड्यावर कुणी बदली कॉम्प्रेसर मागवला तर जहाजावरचं मासळीचं कोठार हवं तेवढं गार होणार नाही. उत्तर कागदातच सापडू शकतं. पुढच्या एखाद्या तक्त्यात तासाला ६६,४०० किलोकॅलरी दिसलं तर टन जपानी, ६०,४८० दिसलं तर अमेरिकन. तसा तक्ता तिला मिळालेल्या पानांत नाही, म्हणूनच तिने यादीत बाकीची पानं मागितली आहेत. हे अडून बसणं नव्हे, हे इंजिनिअरचं काम आहे.

दुसरी शंका नांगराच्या साखळीची. ‘सहा सेत्सु’, म्हणजे सहा तुकडे. जपानमध्ये साखळीचा एक तुकडा २५ मीटरचाही असतो आणि २७.५ मीटरचाही. म्हणजे १५० मीटर की १६५? आपले खलाशी ज्याला शॅकल म्हणतात तो साडेसत्तावीसचा, त्यामुळे नुसतं ‘सहा शॅकल’ लिहून मोकळं होता येत नाही. तिसरी शंका दाबाची : चौरस सेंटिमीटरला सात किलो, पण गेजवरचा (बाहेरच्या हवेचा दाब सोडून) की निरपेक्ष (तो धरून)? दोन्हींत साधारण एका किलोचा फरक. जपानने १९९२ साली मोजमापांचा कायदा बदलला आणि दाबाचं हे एकक सप्टेंबर १९९९ अखेर व्यवहारातून काढलं, पण त्याआधी छापलेली मॅन्युअलं जहाजांसोबत फिरतच राहिली. हे तिन्ही खाचखळगे एन-३ झालेल्या मुलीने स्वतः हेरले, आणि तुम्ही मला बँकेबद्दल विचारताय.

बँकेच्या परीक्षा तिला स्वतःला द्यायच्या असतील तरच द्याव्यात. जपानीची पुढची पातळी, एन-२, जुलै किंवा डिसेंबरमध्ये द्यावी, पुण्यात केंद्र आहे.

मात्र नुसत्या भाषांतरावर पोट भरायचा बेत तिनेही आज करू नये. साधा मजकूर मशीन करू लागलंय आणि तसल्या कामाचे पैसे घटणार. तिने आधी जहाजदुरुस्ती, मरीन इंजिनं किंवा शीतयंत्रं यांपैकी कुठेतरी इंजिनिअर म्हणून दोन-तीन वर्षं काढावीत. यंत्राच्या नेमप्लेटवर काय लिहिलेलं असतं आणि गेज रिकामा असताना काटा कुठे असतो, हे हाताखालून गेलं की जपानी कागद वेगळा दिसायला लागतो. भाषा संध्याकाळी चालू ठेवावी. यंत्र आणि जपानी दोन्ही कळणारी माणसं थोडी आहेत, त्यामुळे पुढे काम कुठलं घ्यायचं हे तिला निवडता येईल.

आणि आजचं काम. तिने एजन्सीला लिहावं की पाठवलेल्या मजकुरातली तीन एककं खात्री न करता घातली होती, दुरुस्त प्रत सोबत आहे. त्या प्रतीत मूळ जपानी एकक तसंच ठेवावं, दोन्ही शक्यतांचं गणित टिपेत द्यावं, आणि शंकांची यादी जोडावी. निवड होईल किंवा होणार नाही. ईमेल तिने लिहायचा आणि तिनेच पाठवायचा. पाठवण्याआधी तुम्ही तो वाचायला मागू नका.