एन्क्रिप्टेड क्लाउड खात्याचा पासवर्ड विसरलोय. ईमेल माझाच आहे, तरी कंपनी म्हणते, 'आम्ही काही करू शकत नाही.' खरंच नाही करता येत, की टाळताहेत?

खरंच नाही करता येत. पण तुम्हाला करता येण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, फक्त घाईघाईत कुठलंही बटण दाबू नका. 'फरगॉट पासवर्ड' तर मुळीच नाही. का, ते पुढे येतंच.

'चावी त्यांच्याकडे असतेच, जरा आवाज चढवला की देतात' हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी दिला असेल. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती याच वाक्याने. अशा सेवांमध्ये तुमचा पासवर्ड सर्व्हरकडे जातच नाही. तुमच्याच यंत्रावर तो पीबीकेडीएफ२ किंवा आर्गॉन२ सारख्या, मुद्दाम संथ ठेवलेल्या गणिती फंक्शनमधून दळून निघतो (बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये पीबीकेडीएफ२ची आवर्तनं मुळात ६,००,००० ठेवलेली असतात) आणि त्यातून एक चावी तयार होते. ती चावी मास्टर-की उघडते, आणि मास्टर-की पुढे फायलींच्या चाव्या उघडते. सर्व्हरकडे मास्टर-की असते ती गुंडाळलेल्या, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या अवस्थेत. ईमेलवर आलेल्या लिंकने 'हा माणूस तोच आहे' एवढं सिद्ध होतं, गुंडाळी सुटत नाही. सपोर्टवाल्या मुलाला शिव्या घालून काय मिळणार? त्याच्या स्क्रीनवर तुमचं नाव, प्लॅन आणि वापरलेली जागा दिसते. बस.

प्रोटॉन या एन्क्रिप्टेड मेल सेवेत हे फार स्पष्ट दिसतं. तिथे ईमेल किंवा फोन पडताळून नवा पासवर्ड मिळतो, खात्यात शिरताही येतं. इनबॉक्समध्ये पाठवणाऱ्यांची नावं दिसतात, विषयही दिसतात, कारण विषयाची ओळ तिथे एंड-टू-एंड (फक्त तुमच्याच चावीने उघडेल अशी) एन्क्रिप्टेड नसते. जुना मेल उघडला की मात्र मजकुराच्या जागी अगम्य अक्षरांचा ढीग. लोकांना वाटतं व्हायरस आला. काही आलेलं नसतं. दार उघडलंय, कपाटं बंद आहेत.

आता याच रचनेचा फायदा. पासवर्ड बदलला की फायली पुन्हा एन्क्रिप्ट होत नाहीत, मास्टर-की नव्याने गुंडाळली जाते एवढंच. म्हणून मेगा या क्लाउड सेवेवर खातं उघडलं तेव्हा उतरवून घेतलेली रिकव्हरी की (म्हणजे मास्टर-कीच, अक्षरांत लिहिलेली), मध्ये पासवर्ड कितीदाही बदलला असला तरी आज चालते. तेव्हा आधी ती शोधा. मेगाची की २२ अक्षरांची असते, त्यात मोठी-छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे, कधी आडवी रेघ किंवा अंडरस्कोर. बहुधा छोट्याशा टेक्स्ट फाइलमध्ये. डाउनलोड फोल्डर, जुन्या हार्ड डिस्कचा बॅकअप, स्वतःलाच पाठवलेले मेल, फोनमधले स्क्रीनशॉट, सगळीकडे 'रिकव्हरी' आणि 'मास्टर' हे दोन्ही शब्द इंग्रजीतून शोधा. प्रोटॉनचा रिकव्हरी फ्रेज १२ इंग्रजी शब्दांचा. टुटा या मेल सेवेचा कोड ६४ चिन्हांचा, शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढ्यांतूनच बनलेला. वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरची सीक्रेट की ३४ चिन्हांची आणि ती 'इमर्जन्सी किट' नावाच्या पीडीएफवर छापलेली असते; पण ती पासवर्डच्या जागी चालत नाही, पासवर्डसोबत लागते. हे आकार लक्षात ठेवा. कुठल्या तरी वहीत न ओळखीचं काही सापडलं, तर ते कशाचं आहे हे लांबीवरून कळतं.

आता घाई का नको ते. तुमचं खातं आत्ता कुठे तरी उघडं आहे का? जुना टॅब, कामाच्या ठिकाणचा ब्राउझर, डेस्कटॉपवरचं सिंक ॲप, कपाटात पडलेला फोन? असेल तर मास्टर-की त्या यंत्रात सुटी पडलेली आहे, आणि तीच तुमची खरी संधी. लोक नेमकी ती घालवतात. लॅपटॉपवर बसून रिसेट करतात, सर्व्हर सुरक्षिततेसाठी बाकीची सगळी सेशन्स (चालू लॉगिन) तोडतो, आणि टॅब उघडला तर लॉगिनचा पडदा. तसंच ते ॲप अनइन्स्टॉल करणं, 'क्लिअर डेटा' करणं, ब्राउझरच्या कुकीज पुसणं, 'लॉग आउट करून बघू' म्हणणं, यातलं काहीही करू नका. क्रम असा: उघड्या यंत्राला चार्जर लावा, आधी महत्त्वाच्या फायली उतरवून घ्या, मग सेटिंग्जमधून रिकव्हरी की बाहेर काढा. मेगामध्ये लॉगिन असलेल्या ॲपमधून किंवा ब्राउझरमधून ती काढता येते. ती हातात आली की मग खुशाल 'फरगॉट पासवर्ड'कडे जा; ईमेलवर लिंक येईल, तिथे की चिकटवायची आणि नवा पासवर्ड ठेवायचा. बिटवॉर्डन फक्त बोटाच्या ठशाने उघडत असेल तर नोंदी दिसतील, पण एक्स्पोर्ट करायला मास्टर पासवर्ड मागेल. तिथे कंटाळा न करता एकेक नोंद हाताने उतरवायची. व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड विसरला असेल आणि व्हॉट्सॲप फोनवर चालू असेल, तर बॅकअपच्या सेटिंगमध्येच फोनच्या लॉकने ओळख पटवून तो बदलता येतो. आधी फोन रिसेट केलात तर संपलं.

काहीच उघडं नसेल तर ब्राउझरने साठवलेले पासवर्ड बघा. इथे एक चकवा आहे. सेवांचे पत्ते बदलतात. मेगा आधी 'डॉट सीओ डॉट एनझेड'वर होतं, प्रोटॉन २०२२ मध्ये नव्या डोमेनवर गेलं, टुटाचं नाव २०२३ पर्यंत टुटानोटा होतं. आजच्या पत्त्याने शोधलं तर 'काही साठवलेलं नाही' असं येतं, आणि पासवर्ड जुन्या पत्त्याखाली निवांत पडलेला असतो. म्हणून पत्त्याने नको, वापरकर्ता-नावाने किंवा ईमेलने शोधा. फोनच्या पासवर्ड ॲपमध्ये आणि गूगल खात्याच्या पासवर्ड मॅनेजरमध्येही बघा.

जुना लॅपटॉप असेल तर फायरफॉक्स आणि क्रोममधला फरक ओळखा. फायरफॉक्सचे पासवर्ड प्रोफाइल फोल्डरमध्ये दोन फायलींत असतात, 'लॉगिन्स.जेसन' आणि 'की४.डीबी'. एकटी फाइल निरुपयोगी. दोन्ही उचलून नव्या प्रोफाइलमध्ये ठेवल्या की पासवर्ड दिसतात, फायरफॉक्सचा वेगळा प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर. विंडोजवरच्या क्रोमचं तसं नाही. तिथली चावी विंडोजच्या वापरकर्त्याला बांधलेली असते, त्यामुळे फाइल दुसऱ्या यंत्रावर नेऊन उपयोग नाही. आणि त्या लॅपटॉपचा लोकल लॉगिन पासवर्डही आठवत नाही म्हणून कुणी पेनड्राइव्ह लावून तो जबरदस्तीने उडवला, तर साठवलेले पासवर्डही उघडत नाहीत. दुरुस्तीवाला 'दोन मिनिटांत विंडोज उघडून देतो' म्हणाला की आधी हे विचारा.

राहिला अंदाज. 'विसरलो' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना पासवर्ड साधारण आठवत असतो, टंकताना घोळ होतो. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. सूचनापट्टीतून शब्द घेतला की शेवटी एक रिकामी जागा चिकटते. कीबोर्ड अमेरिकी ऐवजी ब्रिटिश मांडणीवर असेल तर ॲट आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल होते. पासवर्ड देवनागरीत ठेवला असेल तर आणखी मजा: 'वाऱ्यावर'मधला र्‍य दोन प्रकारे टंकता येतो, एक नुक्त्याचा ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे. आतले बाइट वेगळे, म्हणून चावीही पार वेगळी. ज्या यंत्रावर, ज्या कीबोर्डने तो पासवर्ड पहिल्यांदा टंकला होता, त्यावरच करून बघा, आणि आधी नोटपॅडमध्ये टंकून डोळ्यांनी तपासा.

सर्व्हरवर अंदाजांचा मारा करू नका, ते थोड्या चुकांनंतर थांबवतात. कीपास या पासवर्ड मॅनेजरची फाइल तुमच्याच डिस्कवर असेल तर जॉन द रिपर किंवा हॅशकॅट या अंदाज लावणाऱ्या प्रोग्रामने घरी बसून प्रयत्न करता येतो. पण गणित आधी करा. इंग्रजी कीबोर्डवर टंकता येणारी चिन्हं ९५. दोन चिन्हं आठवत नसतील तर ९,०२५ शक्यता, तीन असतील तर ८,५७,३७५, चार असतील तर ८,१४,५०,६२५. एका प्रयत्नाला एक सेकंद धरला तर अनुक्रमे अडीच तास, दहा दिवस आणि अडीच वर्षं. 'साधारण मांजराचं नाव आणि पुढे काहीतरी' एवढंच आठवत असेल तर नाद सोडा. आणि पैसे घेऊन 'कुठलंही खातं उघडून देतो' म्हणणाऱ्यांना मेगा-प्रोटॉन उघडता येत नाही. त्यांना तुमच्या ईमेलचा ओटीपी हवा असतो.

हे सगळं ज्या एका गोष्टीने टळलं असतं ती म्हणजे कागद. पासवर्ड कागदावर लिहिणं म्हणजे अडाणीपणा, असं म्हणणारा सुरक्षा क्षेत्रातला एक मित्र माझ्याशी आजही हुज्जत घालतो, म्हणून हे इथेच सांगून टाकतो. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच लिहून ठेवलं होतं की पासवर्ड लिहा आणि तो कागद पाकिटात इतर मौल्यवान कागदांसोबत ठेवा. तुमच्या खात्यावर डोळा असलेला चोर नेटवरून येतो, त्याचा हात तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याची पद्धतही तशीच. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ती सोडायला सांगितलं. तरी ती चालूच आहे आणि माणसं विसरताहेत. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी आणि तिजोरीतला कागद यात फरक न करता नियम बनवले की असंच होणार.

लिहिताना रिकव्हरी की लिहा, पासवर्ड नुसता नको. पावत्यांच्या थर्मल कागदावर छापू नका, त्यावरची अक्षरं उडतात. हाताने लिहिणार असाल तर इंग्रजी मोठा आय, छोटा एल आणि एक, तसंच ओ आणि शून्य वेगळे ओळखू येतील असे काढा. लिहून झाल्यावर दुसऱ्या कुणाकडून ते वाचून घ्या आणि मूळ कीशी ताडा. घरातल्याच कुणापासून लपवायचं असेल तर मात्र कागद तुमच्या कामाचा नाही, हे मित्राचं म्हणणं मान्य.

दोन गोष्टी राहिल्या. टू-फॅक्टरचा (लॉगिनच्या दुसऱ्या पायरीचा) रिकव्हरी कोड तुमच्याकडे असेल तर त्यावर विसंबू नका. तो दुसरी पायरी बंद करतो, पासवर्ड देत नाही. आणि मेगाने 'खातं पार्क करायचं का' असं विचारलं तर बाकी सगळं संपल्यावरच हो म्हणा. त्याच ईमेलवर रिकामं खातं मिळतं, जुनं बाजूला ठेवलं जातं, आणि पासवर्ड नंतर आठवला तर सपोर्टला लिहून ते परत मागता येतं. प्रोटॉनमध्ये रिसेट आधीच करून बसला असाल तरी जुना पासवर्ड किंवा रिकव्हरी फाइल मिळाल्यावर सेटिंग्जमधून जुने मेल उघडता येतात. म्हणून ते 'अगम्य' मेल चिडून डिलीट करू नका.