अमोनिया पाण्यात विरघळतो तेव्हा संयुग्मी आम्ल आणि संयुग्मी आम्लारी कसे ओळखावे?

आपण विचारलेल्या अभिक्रियेत (NH₃ + H₂O ⇌ NH₄⁺ + OH⁻) पाणी एक प्रोटॉन (H⁺) देते आणि अमोनिया तो घेतो. प्रोटॉन देणारे ते आम्ल, घेणारे ते आम्लारी, म्हणून अमोनियम हे अमोनियाचे संयुग्मी आम्ल, तर हायड्रॉक्साइड हे पाण्याचे संयुग्मी आम्लारी. बाणाच्या दोन्ही बाजूंची सूत्रे ताडून पाहा. ज्या दोघांत नेमक्या एका प्रोटॉनचा फरक असेल, ती जोडी. ‘नेमक्या एका’ असे मी मुद्दाम म्हणतो, कारण त्यावरूनच माझा एक गुण गेला आहे.

महाविद्यालयातल्या एका चाचणीत फॉस्फरिक आम्लाचे (H₃PO₄) संयुग्मी आम्लारी विचारले होते. मी डायहायड्रोजन फॉस्फेट (H₂PO₄⁻) लिहिले. सरांनी त्यावर लाल रेघ मारून शेजारी ‘फॉस्फेट’ (PO₄³⁻) लिहिले आणि मी विचारायला गेलो तेव्हा, आम्लाने देण्यासारखे सगळे प्रोटॉन दिल्यावर जे उरते तेच त्याचे आम्लारी, असे सांगून विषय संपवला. ब्रन्स्टेड आणि लाउरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या, प्रोटॉनच्या देवाणघेवाणीवर आधारलेल्या आम्ल-आम्लारीच्या व्याख्येत हे कुठेही बसत नाही. फॉस्फेटची जोडी हायड्रोजन फॉस्फेटशी (HPO₄²⁻) आहे. सरांना द्यायचे खरे उत्तर मला फार उशिरा सुचले. संयुग्मी जोडी एकाच द्रावणात सुखाने नांदते, थोडे आम्ल किंवा आम्लारी घातले तरी ज्याची आम्लता फारशी बदलत नाही ते बफर द्रावण तर तिच्याच जोरावर चालते. सरांची जोडी मात्र समप्रमाणात एकत्र केली, तर दोघांची लगेच अभिक्रिया होऊन डायहायड्रोजन फॉस्फेट आणि हायड्रोजन फॉस्फेट तयार होतात, कारण त्या आम्लाचा पहिला पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका सहज) सुमारे २.१ आणि तिसरा सुमारे १२.३ आहे. हायड्रोनियम (H₃O⁺) आणि हायड्रॉक्साइड (OH⁻) यांना जोडी म्हणणारेही हीच चूक करतात, तिथेही फरक एका नव्हे, दोन प्रोटॉनचा आहे.

‘सौम्य आम्लाचे संयुग्मी आम्लारी तीव्र असते’ हे वाक्यही वहीत असेल तर खोडून टाका. ॲसिटिक आम्ल सौम्य आहे आणि ॲसिटेटही सौम्यच आहे. आम्ल जितके सौम्य, तितके त्याचे संयुग्मी आम्लारी तुलनेने अधिक तीव्र, एवढेच म्हणता येते.

भरपूर सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यास शेवटी फॉस्फेटच उरते, एवढ्यापुरते सरांचे म्हणणे अर्थात खरे होते. पण तिथवर पोहोचायला प्रोटॉन तीनदा जातो, दर वेळी जोडी बदलते आणि प्रश्नात फॉस्फरिक आम्लाचे नाव होते.