आधी पान नंबर, मग वाक्य

अगं,

तुझा मेसेज वाचला, मग ते स्क्रीनशॉट बघितले आणि खरं सांगू का, डोकंच फिरलं. ऑब्सिडियन, नोशन, झोटेरो, गूगल डॉक्स, वर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले फोटो. प्रबंधात कात्रजच्या नळाचं, पेशवाईत कात्रजहून पुण्यात पाणी आणणाऱ्या त्या नळाचं, एक प्रकरण लिहायचंय आणि टिपणं पाच ठिकाणी. आणि विचारतेस काय, तर "सर, यातलं बेस्ट ॲप कुठलं?" अगं, ॲपचा प्रश्नच नाहीये हा. तिसऱ्या प्रकरणातलं ते हौदाबद्दलचं अवतरण कुठून घेतलंय ते तुला आठवत नाहीये, हा तुझा प्रॉब्लेम आहे, आणि तो जगातल्या कुठल्याही ॲपने सुटत नाही, कारण ते वाक्य उतरवताना तू पान लिहिलंच नव्हतंस.

म्हणून एकच गोष्ट सांगतो. आधी पान नंबर, मग वाक्य. पुस्तक उघडलं, काही आवडलं, की बोटांनी पहिल्यांदा खंड, पान, लेखांक टाइप करायचा आणि मगच मजकूर. मागाहून टाकू, घरी गेल्यावर टाकू, असलं काही नाही. वाचनालय बंद व्हायला आलंय, शिपाई पंखे बंद करतोय, तरी पान आधी. वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल, पान हातात असलं तर उरलेलं अर्धं उद्या मिळतं. उलटं कधीच होत नाही.

आता साधी टेक्स्ट फाइल का म्हणतो ते ऐक, म्हातारा हट्टी आहे म्हणून सोडून देऊ नकोस. माझी एमफिलच्या वेळची टिपणं तेव्हाच्या एका मराठी फॉन्टात होती. सगळेच त्यात करायचे, युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले एकच क्रमांक, वगैरे आमच्या कानावरही नव्हतं. पुढे तो फॉन्ट नव्या विंडोजवर चालेना आणि फाइल उघडली की स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. कन्व्हर्टर मारला तर रफार भलत्याच अक्षरावर आणि ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या घरी. मजकूर गेला तो गेलाच. पण आकडे शाबूत होते! खंड, पान, लेखांक सगळं जसंच्या तसं दिसत होतं. त्या आकड्यांवरून मी परत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसलो आणि एकेक पान उघडून सगळं पुन्हा उतरवलं. ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली, त्याचं वाईट अजून वाटतं, पण पान नंबर नसते तर तेही करता आलं नसतं. आता कळलं मी असा का झालो?

तर फाइल. व्हीएस कोड घे, नोटपॅड प्लस प्लस घे, ईमॅक्स घे, मला फरक पडत नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडमध्ये, सेव्ह होतंय का एवढं बघ, जुन्या विंडोजचं नोटपॅड एएनएसआय नावाच्या जुन्या पद्धतीत सेव्ह करायचं आणि देवनागरीची प्रश्नचिन्हं व्हायची. एका साधनाची एक फाइल. फाइलचं नाव रोमन लिपीत, स्पेस न देता, आणि बिबटेकच्या फाइलमध्ये, म्हणजे सगळ्या संदर्भांच्या यादीत, त्या पुस्तकाची जी की, म्हणजे छोटं खूणनाव, आहे तेच नाव, त्याच नावाने पीडीएफ. नवीन काही नाही यात, आपले जुने लोक पेशवे दप्तराला "पे. द.", मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांना "म. इ. सा.", वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहाला "ऐ. ले. सं." असंच लिहायचे ना? गोविंद सखाराम सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दप्तराच्या निवडी ४५ खंडांत आहेत, त्यात नुसतं "पेशवे दप्तर" लिहून ठेवलंस तर कुणाच्या बापाला सापडणार नाही.

फाइलच्या आत ओळी तीनच प्रकारच्या. शब्दशः उतरवलेलं असेल तर पान नंबरानंतर "अव:", आपल्या शब्दांत असेल तर "सार:", आणि तुझ्या डोक्यातलं असेल तर "मी:". हे पाळच, कारण सहा महिन्यांनी आपलं वाक्य कुठलं आणि खऱ्यांचं कुठलं हे आपल्यालाच कळत नाही आणि मग युजीसीचे वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम आहेतच, १० टक्क्यांच्या वर साम्य निघालं की गाइडच्या केबिनमध्ये उभं राहायचं. शिवाय सगळ्या फोल्डरमध्ये "मी:" शोधलं की तुझा अख्खा युक्तिवाद एका खाली एक समोर येतो. हे मला फार आवडतं, रात्री झोप नसली की मी तेच वाचत बसतो.

तारखांनाही तोच नियम. कागदावर "खमसैन मया व अलफ" असेल तर आधी तेच, अक्षरशः, आणि मग खाली शुहूर ११५० (शुहूर ही मराठी कागदांतली मृगापासून सुरू होणारी कालगणना), म्हणजे इसवी १७४९ च्या मृगापासून १७५० च्या मृगापर्यंत. नुसतं १७५० लिहून मोकळी होऊ नकोस. कागद पावसाळ्यातला असला तर साल १७४९ आहे, आणि नळाच्या कामाचा क्रम लावताना हाच घोळ तुला नडेल.

एक बारीक त्रास आधीच सांगून ठेवतो. "साताऱ्यास" मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हेने टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि एक साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. सर्च मारलास तर एकच सापडतं आणि तुला वाटतं दुसरीकडे उल्लेखच नाही! एक पद्धत ठरव आणि फाइंड-रिप्लेसने सगळ्या फाइली तशा करून टाक. टेक्स्ट फाइलमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे, त्या पाच ॲपमध्ये करून दाखव मला.

गाइडना वर्ड लागतं, माहितीये. द्यायचं. पॅनडॉक त्यासाठीच आहे, जॉन मॅकफार्लेन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने केलेलं, फुकट. तू मजकुरात चौकटी कंसात ॲट-चिन्ह, की आणि पान टाकायचं, ते तळटिपा आणि शेवटची संदर्भसूची घालून वर्डची फाइल काढून देतं. शैली बदलायची तर सीएसएलची, म्हणजे संदर्भ कसे छापायचे ते सांगणारी, एक फाइल बदलायची. पण बघ हं, की आणि पान तूच द्यायचंय. पान नसेल तर पॅनडॉक गप्प बसतं, नुसतं पुस्तकाचं नाव छापतं, आणि परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतो.

लोक मला विचारतात, सर एवढी शिस्त, मग पुस्तक कुठेय? ते टिपणांमुळे रखडलेलं नाही, हे तुला म्हणून सांगतो. एका संपादकांनी सांगितलं, तळटिपा पानाखाली नकोत, पुस्तकाच्या शेवटी घ्या. केल्या, अर्ध्या तासात. मग म्हणाले निम्म्या करा, वाचक घाबरतो. त्या नाही केल्या. आकडे काढून टाकलेलं पुस्तक मला नकोय, त्यापेक्षा न आलेलं बरं. कुणाला हेका वाटतो तर वाटू दे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत कोशाचं काम चाललंय, कोटीच्या घरात चिठ्ठ्या आहेत तिथे, प्रत्येकीवर शब्दाबरोबर ग्रंथाचं ठिकाण लिहिलेलं. एकदा जाऊन बघून ये, मग माझ्याशी भांड.

झोटेरो मात्र फेकू नकोस, बिबटेकची फाइल काढायला तेच वापर. फक्त निघालेली फाइल एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी वाच, कारण तू पाठवलीस तिच्यात सरदेसाई तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने आहेत आणि एका ठिकाणी आडनावाच्या जागी गोविंद बसलाय. ते आज दुरुस्त कर. हौदाच्या अवतरणाचं पान शनिवारपर्यंत सापडलं तर ठेव, नाहीतर प्रकरणातून काढ, कितीही सुंदर असलं तरी. आणि येशील तेव्हा लॅपटॉपबरोबर चार्जर आण, मागच्या वेळी माझाच घेऊन गेलीस.