हॉब चकाचक, नळी आठ वर्षांची: गॅसजोडणीचे तुमचे प्रश्न

गणपतीआधी किचन नवं करायची मुंबईत दरवर्षीच गडबड, त्यामुळे या वेळचे प्रश्न बहुतेक नव्या हॉबचे (ओट्यात बसवायची शेगडी) आणि कुकिंग रेंजचे आलेत. बऱ्याच जणांनी ब्रँड आणि काचेचा रंग विचारलाय, ते दुकानदार सांगेल. मी शेगडीच्या मागच्या आणि खालच्या भागाचेच प्रश्न घेतलेत, कारण गडबड तिथेच होते.

प्रश्न (बोरिवली): माझे धाकटे दीर पुण्याहून परदेशी चाललेत, त्यांची चार बर्नरची, खाली ओव्हन असलेली रेंज आम्हाला देतायत. त्यांच्याकडे सिलिंडर होता, आमच्याकडे पाइप गॅस. मिस्त्री म्हणतो जेटला, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याला, ड्रिल मारून भोक मोठं करतो, अर्ध्या तासाचं काम. करू का?

उत्तर: नको. मिस्त्रीचं अर्धंच बरोबर आहे. पाइप गॅसला भोक मोठं लागतं हे खरं, कारण सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येतो आणि पाइपातला २१ ने, शिवाय पाइपातला म्हणजे मुख्यतः मिथेन, तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता देतो. म्हणून दिरांची रेंज आहे तशी जोडलीत तर ज्योत एवढीशी येईल, आणि उलटं केलं, म्हणजे पाइप गॅसची शेगडी सिलिंडरला लावली, तर भसकन मोठी पिवळी ज्योत आणि भांड्यांना काजळी. पण भोक नेमकं किती मोठं हे कंपनी प्रत्येक बर्नरसाठी वेगळं ठरवते, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, हातातल्या ड्रिलने ते अंदाजपंचेच होणार.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर देऊन पाइप गॅसचे जेट मिळतात का विचारा आणि त्यांच्याच माणसाकडून बदलून घ्या. ओव्हनच्या बर्नरचा जेट वेगळा असतो, सिमचा स्क्रूही परत सेट करावा लागतो, आणि या दोन्ही गोष्टी लोक हमखास विसरतात, मग वरचे चार बर्नर झकास आणि ओव्हन सिमवर केला की विझतो. जेट मिळत नसतील तर रेंज प्रेमाने परत करा, दीर समजून घेतील.

मिळाले तर पुढचं ऐका. ओव्हनची पाठ चांगलीच तापते, त्यामुळे रबरी नळी तिच्या मागून आडवी न्यायची नाही, ती चिकटून बसेल. जोडणी कुठल्या बाजूने घ्यायची आणि भिंतीपासून किती अंतर सोडायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, आपल्या किचनमध्ये तेवढी जागा आहे का हे टेम्पो बोलवायच्या आधी मोजा. इग्निशनचा प्लग अर्थिंगवाल्या सॉकेटमध्ये, आणि तो सॉकेट ओव्हनच्या पाठीमागे नको. रेंजबरोबर भिंतीला अडकवायची पट्टी आली असेल तर ती अडगळीत टाकू नका, पोरं ओव्हनच्या उघड्या दारावर उभी राहतात आणि अख्खी रेंज पुढे कलंडू शकते.

प्रश्न (गिरगाव): चाळीतलं घर, सिलिंडरच वापरतो. ओट्याखाली ट्रॉल्या करतोय, सुतार म्हणतो सिलिंडर दाराआड जाईल, दिसणारसुद्धा नाही. चालेल ना?

उत्तर: एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, सुटला की वर जात नाही, जमिनीलगत साचतो. बंद कप्पा म्हणजे त्याला साचायला आयती जागा, आणि हवेत साधारण २ टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. दार करायचंच असेल तर तळाला अगदी लादीलगत जाळी ठेवायला सांगा, वरच्या बाजूलाही. सुतार जाळी करतात ती दाराच्या मधोमध, दिसायला छान म्हणून, तिचा काही उपयोग नाही. कप्प्यात फिल्टरचा किंवा मिक्सरचा सॉकेट नको. सिलिंडर उभाच, शेगडीपेक्षा खाली, आणि रात्री अंधारातही रेग्युलेटरच्या नॉबवर हात पडला पाहिजे.

चाळीत मोरी ओट्याला लागूनच असते. तुमच्याकडेही तसं असेल तर सिलिंडर मोरीच्या तोंडापासून जमेल तितका लांब ठेवा, जड गॅस पाण्यासारखाच खाली वाट काढतो आणि गटारात गेला तर कुठे निघेल सांगता येत नाही. भरलेल्या जादा सिलिंडरवर दोरीवाली टोपी बसवलेली पाहिजे, ती मुलांना खेळायला देऊ नका.

प्रश्न (मुलुंड): नळी आठ वर्षांची आहे पण दिसायला एकदम चांगली. बदलायलाच हवी का?

उत्तर: हो, या आठवड्यात. आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांसाठी असते, तिच्यावर तारीख छापलेली असते ती बघा. लांबी दीड मीटरच्या आत. जोड देऊन लांब करायची नाही, भिंतीतून किंवा दुसऱ्या खोलीतून न्यायची नाही, आणि वरून प्लास्टिकचं कव्हर घालायचं नाही, कारण मग चीर पडली तरी कळत नाही. बसत नसेल तर ज्योतीवर गरम करू नका, साध्या पाण्यात टोक बुडवून नोझलवर शेवटपर्यंत सरकवा.

प्रश्न (दादर): रिनोव्हेशन चालू आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गॅसचा पाइप टाइल्सच्या मागे घेऊ, मीटर कपाटात.

उत्तर: त्याला हात लावू देऊ नका. पाइप हलवायचा तर गॅस कंपनीकडे अर्ज करा, त्यांची माणसं येऊन करतात, पैसे पडतात, पडू देत. भिंतीत गाडलेल्या पाइपाची गळती शोधायला तीच नवी टाइल फोडायची वेळ येते. मीटर कपाटात गेला तर कपाटाला जाळी हवी, आणि शेगडीचा कॉक हॉबच्या अगदी मागे नको, आग लागली तर ज्वाळेवरून हात घालून बंद करणार का?

प्रश्न (अंधेरी): ओपन किचन, हॉलमध्ये एसी, खिडकी बंदच असते. हॉबला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस आहे, मग खिडकी नाही उघडली तर?

उत्तर: ती दोन वेगळी कामं आहेत. दूध उतू जाऊन ज्योत विझली की ते डिव्हाइस थोड्या वेळात गॅस बंद करतं, चांगलीच सोय आहे (नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो म्हणून वैतागून ते काढून टाकणारेही पाहिलेत). पण जळताना ज्योत हवा खाते, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. स्वयंपाक होईपर्यंत खिडकी उघडी, पावसाळ्यातसुद्धा.

प्रश्न (चेंबूर): नवीन जोडणी झाल्यावर गळती घरी कशी तपासायची?

उत्तर: साबणाचा फेस. सगळे बर्नर बंद, गॅस रेग्युलेटर किंवा कॉकपासून चालू, प्रत्येक सांध्याला फेस लावा, बुडबुडे फुगत राहिले तर गळती. काडी पेटवून बघायचं नाही, हे अजूनही सांगावं लागतं. वास आलाच तर आधी रेग्युलेटर किंवा कॉक बंद, खिडक्या उघडा, सिलिंडर असेल तर दारही, म्हणजे खालचा गॅस बाहेर जाईल. दिवा किंवा एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर चालू राहू दे, बंद असेल तर बंद, बटणाला हातच लावायचा नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. मग घराबाहेर पडून फोन करा, सिलिंडरसाठी १९०६, पाइप गॅसचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो तो आजच दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावा. शेजाऱ्यांना सांगताना त्यांची बेल वाजवू नका, दार ठोठवा.