अनलॉक फ्लिप फोन आहे, मग कॉल का लागत नाही?

प्रश्न : भाच्यानं अमेरिकेहून अनलॉक फ्लिप फोन आणला. जिओचं सिम टाकलं. 4जी दिसतं, पण कॉल लागत नाही. वडिलांना मोठ्या बटणांचा हाच फोन हवाय. काय करावं?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : सिम खराब समजून ते बदलण्यासाठी धावपळ करू नका. जिओकडे 2जी-3जी नाहीच, कॉल फक्त व्होएल्टीईवरून, म्हणजे 4जी नेटवर्कवरूनच बोलण्याच्या सोयीवरून जातो. परदेशी फोनमध्ये ही सोय बहुधा तिकडच्या कंपन्यांपुरतीच भरलेली असते. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कखाली व्होएल्टीई सुरू करून पाहा. तो पर्यायच नसेल तर या फोनसाठी जिओचा नाद सोडा.

मग उरतं 2जी. आपल्याकडे ते 900 आणि 1800 मेगाहर्ट्झवर चालतं. खोक्यावर जीएसएमपुढे (म्हणजे 2जीपुढे) नुसतं 850/1900 लिहिलं असेल तर फोन इथे मुकाच राहील. चारही आकडे असतील तर एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम चालायला हवं. नेटवर्क '2जी'वर ठेवा. मात्र नंबर पोर्ट करण्याआधी कुणाचं तरी सिम मागून घरात आणि शेतातल्या आखाड्यावरही कॉल लावून पाहा, कारण पोर्ट केल्यावर 90 दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही.

मराठी मेसेज चौकोनी दिसले तर फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. त्याला सहसा इलाज नसतो.

वडिलांना एक नक्की सांगा : झटका देऊन उघडू नये. बिजागरीतली, स्क्रीनला जोडणारी पातळ फ्लेक्स पट्टी चिरली की स्क्रीन पांढरी पडते आणि परदेशी मॉडेलची पट्टी इथे मिळणं अवघड.